मठाच्या दारातलं अस्वल

“अस्वल नव्हतं! हनीफ, तिथे अस्वल नव्हतं!”

तू ओरडत होतास. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधला तुझा हॉल, जमिनीवर अंथरलेला दस्तरखान, त्याच्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, आणि सुरमईच्या कालवणाने माखलेला तुझा हात वर, ट्रॅफिक पोलिसासारखा. मी अगदी मोक्याच्या ठिकाणी होतो. आइसलँडच्या त्या जुन्या मठाचं दार वाजलं होतं, आतल्या पाद्र्याने दिवा घेऊन दार उघडलं होतं, आणि बाहेर बर्फात पांढरं अस्वल उभं होतं, गालाला पंजा लावून. दाढ दुखत होती बिचाऱ्याची. पोरांनी घास चावायचा थांबवला होता. अकाउंट्सचे देशपांडेसाहेब, जे आपल्याकडे फक्त सोलकढी प्यायला येतात, त्यांची वाटी ओठांपाशी थांबली होती. आणि तेवढ्यात तू ओरडलास. तुझा तो आवाज, मुश्ताक, खिडकीतून बाहेर पडला, शेख झायेद रोडने सुसाट देराला गेला, आणि क्रीकमधल्या एका अब्रावाल्याने भर पाण्यात होडीचं इंजिन बंद करून विचारलं की कोणाचं काय बुडालं.

इथे तू म्हणायचंस की डिस्कव्हरी गार्डन्सहून देरा किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे का. म्हण. मी थांबतो.

बघ. नाही म्हणालास. तू गेल्यापासून हीच पंचाईत झाली आहे. मी एक वाक्य टाकतो, ते फुगतं, छताला लागतं, आणि खाली ओढायला कोणी नसतं.

आपल्या खाडीवरची रीत तुला सांगायला नको, पण हे वाचणारे सगळेच काही आपल्या बंदरावर वाढलेले नाहीत. होडी किनाऱ्याला लागली की तांडेलाने ओट्यावर बसून दर्याची हकीगत सांगायची, आणि त्याच्यासमोर त्याच होडीतला एक खलाशी बसवायचा. त्याला कापणारा म्हणायचे. तांडेलाने मासा दोन्ही हात पसरून दाखवला की कापणाऱ्याने तो कोपरापर्यंत आणायचा. तांडेल म्हणाला लाट माडाएवढी होती, की कापणाऱ्याने माडाचा शेंडा उडवायचा. दोघांच्या झटापटीत जे उरायचं ते गाव खरं मानून घरी घेऊन जायचं. बाहेरच्याला मात्र कापायचा हक्क नाही, कारण तो त्या होडीत नव्हता. माझा बाप वाढवायचा, तुझा बाप कापायचा. पुढे आपण दोघं होडी सोडून देरातल्या फ्रोजन मासळीच्या कंपनीत लागलो, मी सेल्समध्ये आणि तू क्वालिटी कंट्रोलमध्ये, तेव्हा गावात कोणालाच नवल वाटलं नाही. खातं तेच, फक्त एसी वाढला होता.

आणि तुझा तो थर्मामीटर. शर्टाच्या खिशात लोकांचं पेन असतं, तुझ्या खिशात लांब टोकाची सळई. माशाच्या पेटीत खुपसायची तुझी नोकरीच होती, पण तू ती भाभीच्या बिर्याणीत खुपसायचास, माझ्या सुलेमानी चहात बुडवायचास. माझ्या लग्नात, वलीम्याच्या जेवणात खुपसून तू सासऱ्यांसमोर आकडा मोठ्याने वाचलास आणि वर म्हणालास, “थोडी अजून तापवा.” सासरे अजून माझ्याकडे गार बिर्याणी बघावी तसे बघतात.

आइसलँडला आपण गेलो ते कंपनीच्या कामाला, तिथले माशांचे कारखाने बघायला. उन्हाळा होता. सूर्य मावळलाच नाही आणि सूर्यास्ताची, मगरिबची नमाज आपण दुबईत उतरून पढलो, असं मी सगळ्यांना सांगतो. “मावळला,” तू प्रत्येक वेळी म्हणायचास. “थोडा वेळ मावळला. मी उठून बघितला.” काम संपलं, परतीच्या आधीचा एक दिवस रिकामा होता. यजमान तिकडच्या पूर्व भागातला. म्हणाला, आमच्या खोऱ्यात एका मठाची जागा आहे, येता का. मी विचारलं, मॉल नाही का. तू गाडीत जाऊन बसलासही.

स्क्रिदुक्लॉयस्तुर. हे नाव तू तिथे पोचेपर्यंत घोकून पाठ केलंस, आणि उतरल्या उतरल्या त्या माहिती सांगणाऱ्या बाईसमोर असं म्हणालास की तिने तुला थेट त्यांच्या भाषेतच सांगायला सुरुवात केली. मग तू तसाच मान हलवत राहिलास, आपल्या दाभोळच्या बाजूचा कोणी नातेवाईक भेटल्यासारखा. (हे तू कापत नव्हतास. इथे तू फक्त खाली बघायचास.)

तिथे काय होतं? खरं सांगायचं तर गवत. हिरवंगार, मऊ, आणि त्या गवतात गुडघ्याएवढ्या उंचीच्या मातीच्या भिंती, म्हणजे भिंतींच्या खुणा. ही खोली, हा चौक, हे चर्च, हे स्वयंपाकघर. एखाद्याने घराचा नकाशा जमिनीवर उघडून ठेवावा आणि त्यावर गवत उगवावं, तसं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लांबलचक तळं. त्या तळ्यात प्रचंड मोठा नाग राहतो, असं ती बाई अगदी सरकारी आवाजात म्हणाली. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान डोलावलीस. नाग तुला चालला, मुश्ताक. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि वर आल्यावर पहिलं तेच काढणार आहे.

मग तिने मठ कसा उभा राहिला ते सांगितलं. एक पाद्री एका आजारी माणसाकडे निघाला होता, शेवटचा प्रसाद घेऊन. वाटेत त्याची रोटी आणि पेला हरवला. लोकांना शोधायला पाठवलं, तर गवताच्या एका उंचवट्यावर पेला सरळ उभा, काठोकाठ भरलेला, वर झाकण ठेवल्यासारखी रोटी, थेंब सांडलेला नाही. मग तिथेच चर्च बांधलं आणि पुढे मठ झाला. मी वाट बघत होतो. म्हटलं आता हा खिशातून सळई काढणार आणि विचारणार की उघड्यावर ठेवलेल्या मालाचं टेंपरेचर कोणी घेतलं होतं. तू विचारलंस भलतंच.

“मग तो त्या आजाऱ्यापर्यंत पोचला का?”

बाई थबकली. पाचशे वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, असा तिचा चेहरा झाला. म्हणाली, गोष्टीत ते येत नाही.

मग ती आपल्याला आतल्या बाजूला घेऊन गेली. आतल्या म्हणजे गवताच्या आणखी आत. हा मठ नुसता प्रार्थनेचा नव्हता, म्हणाली, हा दवाखानाही होता. खणलं तेव्हा कबरी सापडल्या, आणि त्यांत पाद्री थोडे, आजारी माणसंच जास्त. बायका, मुलं, हाडं वाकडी झालेले, दुखणी अंगावर काढून थकलेले. शस्त्रक्रियेची हत्यारं सापडली. त्या थंडीत आपणहून उगवणार नाहीत अशा औषधी झाडांचे अंश मातीत सापडले, म्हणजे कोणीतरी ती लावून जगवली होती. आणि माशांची हाडं सापडली. समुद्र तिथून डोंगरापलीकडे. तेव्हा मात्र आपण दोघंही एकदम पुढे सरकलो, कारण हा आपला विषय होता. मी विचारलं, भाव काय पडायचा. तू विचारलंस, कसा आणायचे, सुकवून की ताजा, आणि आजाऱ्यांना कोणता द्यायचे. बाईने घोड्यांची वाट हाताने दाखवली. तू बराच वेळ त्या वाटेकडे बघत राहिलास, कन्साइनमेंट लेट झाल्यासारखा.

आणि मग तू ते केलंस. जिथे खाटा होत्या असं ती म्हणाली, तिथे गुडघ्यावर बसलास, खिशातून थर्मामीटर काढलास आणि जमिनीत खुपसलास. मला वाटलं आता पोलीस येतात. ती बाई हसली नाही. वाकली आणि आकडा किती आला विचारलं. तू सांगितलास. “थंड आहे,” म्हणालास, “पण गोठलेली नाही. झाडं जगली असतील.” या भागात मी आजवर एक शब्द वाढवलेला नाही. वाढवायला जागाच ठेवली नाहीस.

मठ टिकला पन्नाससाठ वर्षं, एवढंच. दूरच्या राजाने धर्माची रीत बदलली आणि तिकडच्या सगळ्या मठांना कुलपं लागली. खलास. चर्च पुढे काही काळ वापरात राहिलं, बाकीचं पडलं, वर गवत आलं, आणि नक्की कुठली भिंत कुठे होती हेही लोक विसरले, आपल्या काळात खणून बघेपर्यंत. सगळं ऐकून झाल्यावर तू पुन्हा तिच्या मागे लागलास.

“कुलूप लागलं त्या दिवशी खाटांवर कोण होतं? ते कुठे गेले?”

ती म्हणाली, माहीत नाही. कोणी लिहून ठेवलेलं नाही.

परतीच्या विमानात तू गप्प होतास. तू गप्प बसणं ही काय चीज आहे ते सांगतो. आपल्या कोल्ड स्टोअरेजचा कॉम्प्रेसर बंद पडला की सगळे कामगार धावत बाहेर येतात ना, आवाज थांबला म्हणून, तसं मला झालं. एअर होस्टेसने दोनदा पाणी विचारलं, तू ऐकलं नाहीस. शेवटी मी म्हणालो, मुश्ताक, तुला काय वाटतं, एवढ्या लोकांवर इलाज केला तर एखादं जनावर आलं नसेल? एक पांढरं अस्वल समजा बर्फाच्या तुकड्यावरून वाहत आलं. दाढ दुखत होती. पाद्र्यांनी दाढ काढली, लवंग लावली, पेज पाजली. ते अस्वल उपकार विसरलं नाही. कुलूप लागलं त्या सकाळी ते दारात येऊन बसलं, आणि ज्यांना चालवत नव्हतं त्यांना एकेक करून पाठीवर घेऊन डोंगरापलीकडच्या गावात सोडून आलं.

तू माझ्याकडे वळलास. आइसलँड मागे पडल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलंस.

“अस्वल नव्हतं.”

“तू होतास का तिथे?”

“लवंग कुठून आली तिकडे?”

आणि मग दुबई येईपर्यंत आपण भांडलो. मागच्या सीटवरच्या आजी उठून पुढे जाऊन बसल्या. पायलटने घोषणा केली की बाहेर वादळ नाही, हे आतलंच आहे. इमिग्रेशनच्या रांगेतही तू चालूच होतास, तर तिथला अंमलदार म्हणाला, हबीबी, यल्ला, अस्वलाचं नंतर बघा, पासपोर्ट दाखवा.

तेव्हापासून ही गोष्ट आपल्या शुक्रवारच्या जेवणाची झाली. पुढे इथली आठवड्याची सुट्टी शुक्रवारवरून सरकून शनिवार-रविवारवर गेली तरी आपण त्याला शुक्रवारचं जेवणच म्हणत राहिलो. रेहानाभाभीचं सांदण संपत आलं की कोणीतरी म्हणणार, हनीफभाई, मठ होऊ द्या. मी वाढवायचो, तू कापायचास. पुढे पुढे लोक अस्वलासाठी यायचे की तुझ्या ओरडण्यासाठी, मला सांगता येणार नाही. एकदा तुला सर्दी झाली होती, आवाज बसला होता, तर देशपांडेसाहेबांनी तुझ्या वतीने हळूच “अस्वल नव्हतं” म्हणून बघितलं. तू त्यांना डोळ्यांनीच गप्प केलंस. ते त्या होडीत नव्हते.

तुला आठवतं, अबू धाबीकडच्या बेटावर पण एका फार जुन्या मठाची जागा आहे हे कळल्यावर तू मला तिकडे ओढून नेलंस? ते गवत होतं, ही वाळू. तशाच गुडघ्याएवढ्या भिंती. मी म्हणालो, इथे उंट येत असेल दाढ दुखते म्हणून. तू हसलास, आणि हसल्याचं लक्षात आल्यावर लगेच थर्मामीटर काढून वाळूत खुपसलास. परतीच्या वाटेवर मी तुला एकदा मोकळेपणाने विचारलं होतं. पेला आपोआप भरलेला चालतो. तळ्यातला नाग चालतो. मग माझ्या अस्वलानेच तुझं काय घोडं मारलंय?

“ते त्यांचं आहे,” तू म्हणालास. “त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय. तुझं अस्वल कोण सांभाळणार? तुझ्या तोंडातून निघतं आणि सोलकढीबरोबर संपतं.”

पेट्रोलपंप आला तेव्हा मी खाली उतरलो आणि गाडीची स्वच्छ काच पुन्हा पुसून काढली.

मग तुझं आजारपण. हॉस्पिटलच्या खोलीत मी दुपारी यायचो, ती मल्याळी नर्स मला बघून म्हणायची, अंकल, आवाज कम. मी आवाज कमी करायचो, म्हणजे शेजारच्या दोन खोल्यांना ऐकू जाईल इतका. तू दिवसेंदिवस हलका होत होतास. तुझं टेंपरेचर आता दुसरं कोणी घेत होतं आणि तू प्रत्येक वेळी त्यांची पद्धत चुकते म्हणून कुरकुरत होतास. एका दुपारी तू छताकडे बघत म्हणालास, “ते पाद्री पेज द्यायचे असतील ना? भाताची नाही. तिकडे भात कुठला. पण काहीतरी पातळ.”

मी म्हणालो, देत असणार. आणि मग माझी जी सवय आहे ती. म्हणालो, मुश्ताक, काळजी करू नकोस, मी अस्वलाला निरोप धाडलाय, निघालंय ते, व्हिसाचं काम तेवढं अडकलंय.

तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास. किती कष्ट पडले ते मी बघितलं.

“नव्हतं,” म्हणालास. दम घेतलास. “एकदा सरळ सांग, हनीफ. मी नसताना. आजारी यायचे, ते सांभाळायचे, एवढंच. एवढं पुरतं. बघू तुला जमतं का.”

मी म्हणालो, इन्शाल्ला. आपण दोघंही इतकी वर्षं ऑफिसात होतो, इन्शाल्लाचे किती प्रकार असतात, होकाराचा आणि टाळण्याचाही, ते तुला माहीत आहे. तू माझ्याकडे बघत राहिलास, नक्की कुठला म्हणालो ते ठरवत. ते ठरलं की नाही, मला कळलं नाही. नर्सने मास्क परत लावला.

तुला इथल्याच वाळूत ठेवलं. त्यावर मी काही वाढवत नाही.

गेल्या रविवारी भाभींनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, त्यांना बंद घर आवडायचं नाही. तोच हॉल, तोच दस्तरखान. सांदण तसंच हलकं, एवढं की मी खिडकी लावून घेतली, नाहीतर उडून जायचं. लोक हसले, आणि हसताना सगळ्यांची नजर तुझ्या जागेकडे गेली, आता हा काहीतरी बोलेल म्हणून. ती जागा माझ्या बरोबर समोरची. कोणी तिथे बसायला तयार नव्हतं. शेवटी तुझी लेक अल्फिया आली आणि तिथे मांडी घालून बसली. युनिव्हर्सिटीत जाते आता, माझ्या खांद्यापर्यंत आली आहे, म्हणजे तुझ्यापेक्षा उंचच. तिच्या मुठीत काहीतरी होतं. मी ओळखलं. तुझी सळई.

भाभी म्हणाल्या, “हनीफभाई, मठ होऊ द्या.”

माझ्यापुढे प्रश्न असा होता, मुश्ताक. आयुष्यात मी कधी एक मासा त्याच्या स्वतःच्या लांबीचा सांगितलेला नाही. समोर कापणारा नाही. अल्फिया बसली होती, पण तिला हक्क नव्हता. म्हणजे वाढवायचं मी आणि कापायचंही मीच. एकाच माणसाने दोन्ही वल्ही एका बाजूला मारली की होडी गोल फिरते. पण तुला शब्द दिला होता, कुठल्या प्रकारचा का असेना.

मी सरळ सांगितलं. खोरं, गवत, मातीच्या भिंती. आजारी यायचे. ते सांभाळायचे. झाडं लावायचे. डोंगरापलीकडून मासा आणायचे. सूर्य मावळला, थोडा वेळ मावळला, हेसुद्धा सांगितलं. राजाने कुलूप लावलं. गवत आलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता, दुसऱ्याचं जॅकेट घातल्यासारखा. दार वाजायची जागा आली, आणि मी दार न वाजवता पुढे गेलो. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. देशपांडेसाहेबांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. मी संपवलं, आणि हॉलमध्ये असा सन्नाटा पसरला की स्वयंपाकघरातल्या फ्रिजला संकोच वाटून त्याने गुरगुरणं थांबवलं.

मी मनात तुला म्हणालो, बघ, जमलं. आता तरी खूश हो.

अल्फिया माझ्याकडेच बघत होती.

“देन हू टुक द पेशंट्स?”

मी म्हणालो, “माहीत नाही, बेटा. कोणी लिहून ठेवलेलं नाही.”

“अँड द बेअर?”

तुझ्या हॉलमध्ये, तुझ्या जागेसमोर बसून, तुझंच वाक्य मी तुझ्याच पोरीला म्हणालो. “अस्वल नव्हतं.”

तिने सळईचं टोपण लावलं, ती शर्टाच्या खिशात नीट अडकवली, आणि परत पाठवायच्या पेटीकडे तू जसा बघायचास तशी माझ्याकडे बघत म्हणाली,

“देअर वॉज अ बेअर, चाचा. पप्पा टुक हिज टेंपरेचर.”